मैत्रिणींच्या यादीत चारच नावं

कोथरूडला राहणाऱ्या एका वाचक बाईंचं पत्र आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) येत्या श्रावणात त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होतील. यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या आणि २००५ साली निवृत्त झाल्या. मुलगा-सून जवळच राहतात आणि आईची काळजी घेतात. मुलाने आता सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला आहे. कार्यालय बघून झालं, तीनशे पानं उठतील असा अंदाज आहे. "आई, तुझ्या मैत्रिणींची यादी दे," असं तो म्हणाला. बाई फोनची जुनी डायरी घेऊन बसल्या, तर निम्म्याहून जास्त नावांवर काट मारलेली. हयात आहेत आणि पत्ता ठाऊक आहे अशी चारच नावं उरली.

त्या चारांतली एक एक्स्चेंजमधली. वीस वर्षं दोघींच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या. १९९८ साली तिने आपल्या मुलीचं स्थळ यांच्या मुलासाठी आणलं. मुलाचं ऑफिसमधल्या मुलीशी ठरत आलेलं होतं आणि ते आईला माहीत होतं. तरी यांनी निरोप दिला, "पत्रिका जुळत नाही." दोन महिन्यांत मुलाचं लग्न झालं, तेही पत्रिका न बघता. मैत्रीण एवढंच म्हणाली, "त्याने नाही म्हटलं त्याचं काही नाही. तू मला खोटं सांगितलंस." तेव्हापासून बोलणं बंद आहे. ती सहकारनगरला राहते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, असं मध्यंतरी कानावर आलं.

बाई लिहितात : "ह्यांच्या मित्रांना मी चाळीस वर्षं चहा करून दिला. त्यांतले दोघे-तिघे अजून येतात, ह्यांच्या आठवणी सांगतात. माझ्या आठवणी सांगायला कोण आहे? ऐंशी वर्षं जगले, पण कुणाची मैत्रीण झालेच नाही का मी? सहकारनगरच्या मैत्रिणीला बोलावू का? मुलगा म्हणतो, जुनं कशाला उकरतेस. कधी वाटतं, कार्यक्रमच नको म्हणून सांगावं."

नमस्कार काकू,

आपल्याला मैत्रिणीच नव्हत्या असं तुम्ही म्हणता, पण तुमच्या पत्रात मला सहा जणी भेटल्या. नारायण पेठेतल्या वाड्यातली, जिच्याबरोबर तुम्ही शाळेत जायचात आणि जी पानशेतच्या पुरानंतर दिसलीच नाही. एक्स्चेंजमधली शेजारच्या खुर्चीवरची. मुलाला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर तुमची संध्याकाळची ड्यूटी स्वतःकडे घेणारी. दर दिवाळीला नाशिकहून चकलीची भाजणी पाठवणारी, जी तीन वर्षांपूर्वी गेली. भिशीतली, जी यजमान गेले त्या रात्री तुमच्याशेजारी काही न बोलता बसून राहिली. आणि खालच्या मजल्यावरची पंचेचाळिशीची, जी ऑफिसातून आली की आधी तुमच्याकडे चहाला डोकावते आणि मग घरी जाते. हिच्याविषयी तुम्ही लिहिलंय, "बिचारी येते बसायला." यांतल्या बऱ्याच जणींना तुम्ही यादीत धरलेलंच नाही. एक गेलेली म्हणून बाद, एक वयाने लहान म्हणून बाद, एक "फक्त भिशीपुरती", एक "ड्यूटीपुरती". मग चार उरणार नाहीत तर काय होणार?

मला वाटतं, तुम्ही मैत्रीचं माप तुमच्या यजमानांच्या मित्रांवरून घेतलंत. त्यांची मैत्री सगळ्यांना दिसायची. ठरलेला वार, ठरलेली वेळ, बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या, मोठ्याने चर्चा. त्यांना एकमेकांकडे जायला कारण लागायचं नाही. "जरा जाऊन येतो" म्हटलं की झालं. तुमच्या पिढीतल्या किती बायकांना असं म्हणून चप्पल पायात सरकवता आली? तुम्हाला कारण लागायचं. हळदीकुंकू, मंगळागौर, भिशी, भजनी मंडळ, कुणाचं डोहाळजेवण, नाहीतर नोकरी. एक्स्चेंजमध्ये स्प्लिट ड्यूटी असायची तेव्हा मधल्या रिकाम्या तासांत विश्रांतीच्या खोलीत आडवं होऊन काय काय बोलायचात, हे तुम्ही दीड पान भरून लिहिलंय आणि शेवटी म्हणताय, "पण ती काही मैत्री नव्हे, नाइलाजाने एकत्र असायचो." काकू, कॉलेजच्या कट्ट्यावरची मुलंही योगायोगानेच एकत्र येतात. तिथे कुणी अर्ज करून मित्र निवडत नाही.

आणि चहाचं म्हणाल तर तो चाळीस वर्षं होत राहिला म्हणून ती बैठक चाळीस वर्षं टिकली. ते दोघे-तिघे अजून येतात ते नुसते भिंतीवरच्या फोटोला भेटायला येत असतील असं मला वाटत नाही. पुढच्या खेपेला चहा सुनेला किंवा नातवाला करू द्या आणि तुम्ही बाहेर येऊन बसा. यजमानांच्या आठवणी झाल्या की तुमच्या एक्स्चेंजमधल्या सांगा. लाइटनिंग कॉल (सगळ्यांच्या आधी जोडून दिला जाणारा) म्हणजे काय, त्याला साध्या कॉलच्या कितीतरी पट पैसे का पडायचे, पीपी कॉलवर (ठरावीक माणसालाच बोलावून घ्यायचं असायचं त्या) पलीकडचं माणूस सापडेपर्यंत काय धांदल उडायची. त्यांनाही नवीन काहीतरी ऐकायला मिळेल. तेच तेच किस्से सांगून तेही कंटाळले असतील.

आता हरवलेल्या नावांविषयी. डायरीतली नावं आपल्या हलगर्जीपणामुळे निसटली, असा तुमचा सूर आहे. जरा आठवून बघा. तुमच्या वयाच्या मुलींची लग्नं झाली तेव्हा आडनाव तर बदललंच, पण कितीतरी घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की पहिलंही नाव गेलं. एका दुपारीत मुलीचं अख्खं नाव बदलायचं, आणि सोबत गावही. शाळेतल्या मैत्रिणीला पत्र टाकायचं तर कुणाच्या नावाने टाकायचं? मुलग्यांवर ही पाळी कधी आली नाही. म्हणून त्यांचे पाचवीतले मित्र सत्तरीत सापडतात.

तुमच्या बाबतीत त्यात पानशेतची भर. १२ जुलै १९६१ ला आधी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे पाण्यात गेले. तुम्ही तेव्हा सोळाव्या वर्षात होतात. एका वाड्यात नळ, चौक आणि जिना वाटून घेणारी बिऱ्हाडं काही आठवड्यांत पांगली. कुणी निसेन हटमध्ये (पत्र्याच्या अर्धगोल तात्पुरत्या घरांत) गेलं, कुणी गोखलेनगर-सहकारनगरकडच्या नव्या वस्त्यांत, आणि तुमच्या मैत्रिणीसारखं कुणी साताऱ्याला मामाकडे. ही ताटातूट तुम्ही दोघींनी केलेली नाही. ती तुमच्या नावावर का मांडता?

मागे वळून बघणं वाईट, असं मी म्हणणार नाही. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली एक निबंध लिहिला. म्हातारी माणसं भूतकाळात रमली की बुद्धी उतरणीला लागली असं समजायची तेव्हा रीत होती. त्याने म्हटलं, तसं नाही. शेवटच्या टप्प्यावर माणूस आपल्या आयुष्याचा आढावा घेतो, ते स्वाभाविक आहे, त्यातून मन निवळूही शकतं. पण त्याच निबंधात त्याने इशाराही दिला आहे की हाच आढावा काही जणांना पश्चात्तापात आणि निराशेत ढकलतो. एकट्याने, रात्री, समोर फक्त खोडलेली नावं घेऊन बसलं की तो धोका वाढतो, असं मला वाटतं. म्हणून डायरी दिवसा काढा, आणि कुणाला तरी शेजारी बसवून काढा. खालच्या मजल्यावरची आहेच. तिला एकेक नाव वाचून दाखवा आणि ती बाई कोण होती ते सांगा. काट मारलेल्या नावांपासून सुरुवात केलीत तरी चालेल. (झोप उडाली आहे, जेवण जात नाही, दोनेक आठवडे असंच चाललंय, असं असेल तर मात्र सदरवाल्यांना पत्र लिहीत बसू नका, डॉक्टरांकडे जा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे, तिला पैसे पडत नाहीत.)

आणखी एक. म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर त्यांना साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत लख्ख आठवतात. स्मृतीवर काम करणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यामुळे वाड्यातल्या मैत्रिणीच्या परकराचा रंग तुम्हाला आठवतो, आणि साठीनंतर जोडलेली माणसं फिकी वाटतात. ती माणसं फिकी असतात असं नाही. आठवणींची ठेवणच तशी असते.

आता सहकारनगर. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. बाकीचं त्याच्याभोवती जमलं आहे, असा माझा कयास.

सत्तावीस वर्षं तुम्ही स्वतःला जे समजावत आलात ते असं : मुलाला त्याची पसंती होती, मी काय करणार, लग्न जबरदस्तीने थोडंच करता येतं. सगळं बरोबर आहे. पण तिने तुम्हाला हे विचारलंच नव्हतं. "त्याने नाही म्हटलं त्याचं काही नाही," हे तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं होतं. तिची तक्रार दुसऱ्या वाक्यात होती, आणि त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. "पत्रिका जुळत नाही" हे आपल्याकडचं सर्वमान्य खोटं आहे. सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, मुलीच्या बापाचा मान राहतो, विषय संपतो. परक्या घरांमध्ये तो शिष्टाचारच आहे आणि मला त्यात फार गैरही वाटत नाही. पण शेजारच्या खुर्चीवर वीस वर्षं बसलेल्या बाईला ते सांगितलं की तिला परक्यात काढल्यासारखं होतं. तिला नकार लागला नाही, हे लागलं.

तुम्ही असं का केलंत तेही तुमच्या पत्रातच आहे. मुलाचं तेव्हा घरात जाहीर व्हायचं होतं, यजमानांचा विरोध होता, सासूबाई होत्या. तुमच्यासमोर चांगला पर्याय नव्हता. पण त्या अडचणीची हकिगत आता तिला ऐकवायला जाऊ नका. माफी मागताना कारणं सांगायला लागलं की ऐकणाऱ्याला वकिलाची नोटीस आल्यासारखं वाटतं.

म्हणून, बोलावू का, या प्रश्नाचं माझं उत्तर : आत्ता लगेच नाही. आधी जे सांगायचं राहिलंय ते सांगा, आमंत्रण मग बघू. छापील पत्रिका मुलाच्या हातून पाठवणं तर सगळ्यांत वाईट. सत्तावीस वर्षांनी दारात तोच मुलगा, हातात "पत्रिका"! योगायोगालाही मर्यादा असावी. शिवाय आमंत्रण दिलं की उत्तर देण्याचं ओझं तिच्यावर पडतं. आली तर तीनशे लोकांसमोर हसायचं, आणि नाही आली तर ऐंशीव्या वर्षीही रुसवा सोडत नाही, असं म्हणवून घ्यायचं. तिला यांतलं काहीच करायला लागू नये.

फोनही पहिल्यांदा नको. अचानक वाजलेल्या फोनवर माणूस तयारीत नसतो, आणि या वयात ऐकू येण्याची अडचण असतेच. "काय म्हणालीस? कोण बोलतंय?" यात माफी मागणं अवघड. पत्र लिहा. ती ते तिच्या सवडीने वाचेल, फाडेल, ठेवेल, जे करायचं ते करेल. पत्र लहान ठेवा. साधारण असं :

"तुला मी पत्रिका जुळत नाही असं सांगितलं, ते खोटं होतं. मुलाचं ठरत आलेलं मला ठाऊक होतं. तुला खरं सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही. तुझ्या मुलीत काहीच कमी नव्हतं. एवढं सांगायचं राहिलं होतं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही."

वाढदिवसाचा उल्लेख नको, गुडघ्याची चौकशी नको, "आता आपले किती दिवस राहिलेत" हे तर मुळीच नको. ते वाक्य वापरून आपल्याकडे पुष्कळ माफ्या वसूल केल्या जातात. मुलीविषयीचं वाक्य मात्र गाळू नका. त्या काळी नकार आलेल्या मुलीच्या नावाची दबक्या आवाजात चर्चा व्हायची, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. आईच्या मनात तेही बसलेलं असणार.

पत्र टाकण्याआधी मुलाला सांगा. परवानगी मागायची नाही, फक्त कानावर घालायचं. "जुनं कशाला उकरतेस" असं तो म्हणतो त्यात आईला त्रास होऊ नये हे असेलच, पण त्या जुन्यात तोही आहे. त्याच्यासाठी तुम्ही खोटं बोललात आणि त्यापायी मैत्रीण गेली, हे त्याला कळत नसेल असं नाही. त्याला टोचणी न लावता सांगता येईल : "तुझा काही दोष नाही, हे माझं आणि तिचं आहे."

उत्तर आलं नाही तर? ते होऊ शकतं. महिनाभराने दुसरं पत्र लिहू नका, मधल्या कुणाला "तिच्या मनात काय आहे ते बघ" म्हणून पाठवू नका. सांगायचं होतं ते सांगून झालेलं असेल. आणि उत्तर आलं तर पहिली भेट तिच्या घरी, दुपारची, एकटीने. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने कार्यालयाच्या पायऱ्या चढून कुणी समेट करायला येऊ नये.

हे सगळं श्रावणापर्यंत कसं व्हायचं, म्हणाल. इथे एक गणित कामाला येतं. पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांनी येते, म्हणजे वर्षाला बारांहून थोड्या जास्त, आणि ती भरपाई आपण अधिक महिन्याने करतो. ऐंशी वर्षांत साधारण ९८९ पौर्णिमा होतात. हजारावी उगवते ती ऐंशी वर्षं आणि साधारण दहा महिन्यांनी. पंचांगवाले आणि घरोघरचे गुरुजी महिना-दोन महिने इकडेतिकडे धरतात, पण ऐंशीव्या वाढदिवशी चंद्र हजार झालेले नसतात हे नक्की. तेव्हा मुलाला सांगा, श्रावणात घरच्या घरी पुरण घालू आणि मोठा कार्यक्रम पुढच्या वर्षी करू. कार्यालयाची आगाऊ रक्कम दिली असेल तर तारीख बदलून मिळते का बघू दे. कार्यक्रमच नको म्हणण्याची गरज नाही. तुम्हाला मधले महिने हवे आहेत.

त्या महिन्यांत वाड्यातली मैत्रीण शोधायची. लग्नानंतरच्या नावाने शोधण्यात अर्थ नाही, ते आपल्याला माहीतच नाही. भावावरून शोधा. भावाचं आडनाव बदललेलं नसतं आणि साताऱ्याचं घर कदाचित त्याच्या मुलांकडे असेल. भावाचं नाव आठवत नसेल तर शाळेत जा. मुलांच्या प्रवेशाची नोंद असलेलं जनरल रजिस्टर शाळा जपून ठेवतात. त्यात वडिलांसकट माहेरचं पूर्ण नाव असतं. (तुमची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती ज्या हेडमास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या सोयीने ठोकून दिली, त्यांचंच ते रजिस्टर. अख्ख्या महाराष्ट्रात तुमच्या वयाची निम्मी मंडळी १ जूनला जन्मली आहेत की काय असं वाटतं.) शाळा परक्याला माहिती देणार नाही, आणि देऊही नये. पण माजी विद्यार्थिनी म्हणून तुमची चिठ्ठी ठेवून घ्यायला, माजी विद्यार्थिनींच्या संघाला विचारायला हरकत नसते. नातवाला सांगून जुन्या पुण्याच्या आठवणींच्या फेसबुक गटांवरही टाकता येईल. वाड्याचा ठिकाणा, पेठ, साल आणि मैत्रिणीचं माहेरचं नाव एवढंच टाका. तुमचा फोन नंबर आणि पत्ता टाकू नका, संपर्क नातवाच्या खात्यावरच येऊ दे. फसवणारे लोक ऐंशीच्या बायकांच्या शोधातच असतात.

ती सापडली तर एक पथ्य पाळा. "ओळखलंस का?" असं विचारू नका. या वयात ही परीक्षा होते, आणि नापास झालेल्याला फार ओशाळं वाटतं. स्वतःचं माहेरचं नाव, वाडा, वर्ग हे आपणच आधी सांगून टाका. तिला आठवलं तर ती पुढचं बोलेल. नाही आठवलं तरी तुम्हाला आठवतंय ते तिच्या लेकीसुनेला सांगा. आपली आई चौदाव्या वर्षी कशी होती, हे सांगणारं दुसरं कुणी त्यांना भेटणार नाही. आणि ती गेली असेल तर तिच्या घरच्यांना तेच पत्रातून कळवा.

जायचं ठरलं तर खर्चाचा बाऊ नको. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीवरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ओळखपत्र जवळ ठेवा, आणि स्वारगेटवरून एकट्या निघू नका. तुम्ही केंद्र सरकारच्या पेन्शनर आहात, तेव्हा ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळते. सरकारदरबारी तुम्ही १ जूनलाच ऐंशीच्या झालात. वाढ जमा झाली नसेल तर बँकेत चौकशी करा, आणि झाली असेल तर ती मैत्रिणींकडे जायच्या रिक्षांसाठी बाजूला ठेवा. सुनेला सोन्याचं काही घेऊ नका त्यातून. हयातीचा दाखलाही ऐंशीवरच्यांना नोव्हेंबरची वाट न बघता १ ऑक्टोबरपासून देता येतो. जुन्या ऑपरेटर मंडळींशी ठरवून एकाच दिवशी बँकेत जा. खात्यातल्या निवृत्तांच्या संघटनेकडे अशा बऱ्याच जणींचे पत्ते असतील. संध्याकाळची ड्यूटी घेणारी तिथूनच सापडेल असं मला फार वाटतं.

खालच्या मजल्यावरचीला "बिचारी" म्हणणं तेवढं थांबवा. दिवसभराचं ऐकून घ्यायला तुम्ही तिला हव्या असता म्हणून ती येते. आजी म्हणून तिला घरी कुणी असेलही. तुमच्याकडे ती त्यासाठी येत नाही. तिचं नाव यादीत घाला.

हे सदर वाचणाऱ्या मुला-सुनांनाही दोन शब्द. आईच्या ऐंशीला "मैत्रिणींची यादी दे" म्हणून कागद पुढे करू नका. तिच्याशेजारी बसा, डायरी तुम्ही धरा, नंबर तुम्ही लावा. निम्मे बंद असतील आणि काहींवर वाईट बातमी कळेल. ती तिने एकटीने ऐकू नये. व्हिडिओ कॉल लावून द्या. समोरचीचे ओठ दिसले की कमी ऐकू येणाऱ्यालाही बोलणं लागतं. बऱ्याच मैत्रिणी "हल्ली फोनच करत नाही" म्हणून दुरावतात, आणि कारण एवढंच असतं की फोनवर ऐकू येत नाही आणि ते कबूल करायची लाज वाटते.

मोठ्या कार्यक्रमाविषयी. लिफ्ट असलेलं कार्यालय बघा, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवं. तीनशेचे शंभर करा. वाचलेल्या पैशात मैत्रिणींना घरून आणायला आणि सोडायला गाड्या ठेवा. भाषणं करणाऱ्या नातेवाइकांना आवरा. त्याऐवजी एखाद्या मैत्रिणीला बसल्या जागेवरून चार वाक्यं बोलू द्या. ऐंशी दिव्यांचं औक्षण करणार असाल तर ओवाळायला मैत्रिणींना बोलवा. फक्त सवाष्णींनीच ओवाळायचं असं कुणी म्हणालं तर काकू, तुम्ही स्वतः "मला ह्यांच्याच हातून हवंय" म्हणून सांगा. उत्सवमूर्तीचं म्हणणं गुरुजीही मोडत नाहीत. आणि पहिली पंगत ऐंशीच्या आसपासच्या पाहुण्यांची, साडेबाराच्या आत बसवा. त्यांतल्या निम्म्या जणींची इन्सुलिनची नाहीतर गोळ्यांची वेळ ठरलेली असते.